मास्तरांच्या मागे कोण

प्रत्येक शर्यतीत कोणीतरी शेवटचा येतो. ही गोष्ट इतकी निश्चित आहे की तिच्या भरवशावर एखादी संस्था उभी करता येते. आमच्या धावक मंडळाने ती उभी केली आणि परवापरवापर्यंत ती उत्तम चालली.

मंडळाचे सदस्य त्रेचाळीस. दर रविवारी पहाटे साडेपाचला पाण्याच्या टाकीपाशी जमायचे, नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत धावायचे, पुलाच्या कठड्याला हात लावून परत यायचे. एकूण दहा किलोमीटर. प्रवेशअर्जात 'आपण का धावू इच्छिता?' असा रकाना आहे. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस जणांनी त्यात 'स्पर्धेसाठी नाही' असे लिहिले आहे. त्यांपैकी एकोणचाळीस जणांच्या मनगटावर सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारे घड्याळ आहे. (उरलेले चौघे शेजाऱ्याच्या मनगटावर बघतात.) प्रस्तुत लेखक मंडळाची नोंदवही सांभाळतो, त्यामुळे त्याला धावता येत नाही. याकडे त्याग म्हणून पाहावे, अशी त्याची विनंती आहे.

मंडळाचा नियम एकच. शेवटचा माणूस टाकीपाशी पोचेपर्यंत कोणी घरी जायचे नाही आणि चहाला हात लावायचा नाही. तो चुन्याची रेघ ओलांडून आला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, त्याला मध्ये घेऊन फोटो काढायचा, मग चहा. आमच्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. फोटोच्या आधी त्या दर रविवारी सांगतात, "आपल्याकडे कोणी शेवटचा नसतो." हे सांगताना त्यांची नजर दर रविवारी एकाच माणसावर असते.

तो माणूस म्हणजे बाजारातले टेलर मास्तर. वय चौपन्न. सलग चार वर्षे, म्हणजे दोनशे आठ रविवार, ते एकही रजा न घेता शेवटचे आले. पहिला क्रमांक आमच्याकडे दर महिन्याला बदलतो. एवढे सातत्य मंडळात दुसऱ्या कोणाकडेच नाही.

मास्तरांना एक तास बत्तीस मिनिटे लागत. त्यांच्या आधीचा सदस्य एक तास एकवीस मिनिटांनी येई. मधल्या अकरा मिनिटांचा मी अभ्यास केला आहे. चार मिनिटे गुडघे, तीन मिनिटे बूट, तीन मिनिटे गैरहजर सदस्य, आणि एक मिनिट शांतता, ज्यात सगळे रस्त्याकडे बघतात. याच अकरा मिनिटांत आजवर एक सोयरीक जमली, दोन सख्ख्या भावांचा अबोला सुटला आणि अध्यक्षबाईंना तीन वेळा बिनविरोध निवडून देण्यात आले. मास्तर वेळेवर आले असते तर आम्ही सगळे सातलाच आपापल्या घरी गेलो असतो आणि एकमेकांना ओळखतही नसतो.

आता त्या आधीच्या सदस्याविषयी. ते आहेत दातांचे डॉक्टर. क्रमांक बेचाळीस. त्यांच्या घरी सासूबाई राहतात आणि त्यांना मोजमापाची आवड आहे. रविवारी डॉक्टर घरात पाऊल टाकतात तेव्हा सासूबाई भाजी निवडत असतात आणि मान वर न करता विचारतात,

"आज कितवे?"

"बेचाळिसावा."

"कितींत?"

"त्रेचाळीस."

"म्हणजे अजून एक आहे म्हणायचा."

डॉक्टरांच्या घरात या 'एका'ला फार मान होता. मास्तरांना सर्दी झाली की डॉक्टर स्वतः औषध नेऊन देत.

यंदा शाळा उघडायच्या दोन महिने आधी नोंदवहीत काही आकडे दिसू लागले. मास्तर आणि डॉक्टर यांच्यातले अंतर अकरा मिनिटांवरून नऊवर आले. पुढच्या रविवारी सात. मग चार. चार मिनिटांचा अर्थ असा की वळणावर डॉक्टरांनी मागे पाहिले तर मास्तर दिसत. चार वर्षांत डॉक्टरांनी प्रथमच मागे पाहिले.

त्या संध्याकाळी ते अध्यक्षबाईंकडे गेले. आपल्याला स्वतःविषयी काही म्हणायचे नाही, पण मंडळाच्या परंपरेची काळजी वाटते, असे त्यांनी सांगितले. अकरा मिनिटे गेली तर लोक बोलणार कधी? अध्यक्षबाईंना मुद्दा पटला. तिघांची समिती नेमण्यात आली. समितीचे दोन सदस्य पँटची उंची कमी करून घेण्याच्या निमित्ताने मास्तरांच्या दुकानात गेले आणि त्यांनी पुढीलप्रमाणे अहवाल दिला:

'सदर इसमाच्या शिलाई मशीनची मोटर दोन महिन्यांपूर्वी जळाली आहे. सुटा भाग मिळत नसल्याने तो मशीन पायाने चालवतो. सहाशे शालेय गणवेश शिवण्याचे काम हातात असून त्याचे दोन्ही पाय सकाळी नऊ ते रात्री आठ अविरत चालू असल्याचे प्रत्यक्ष पाहिले. अंदाजे अंतर रोज अकरा किलोमीटर. या सरावास मंडळाची परवानगी घेतलेली नाही.'

(पँट दोन इंच जास्त आखूड झाली. ती बाब अहवालात घेतलेली नाही.)

कोणाला सरळ 'हळू धावा' म्हणणे मंडळाच्या ध्येयधोरणात बसत नाही. समितीने मास्तरांचा सत्कार करायचे ठरवले. मंडळातल्या वायरमनने तीन दिवस भंगारबाजार पालथा घालून तंतोतंत बसणारी मोटर शोधून काढली आणि रविवारी, टाळ्यांनंतर आणि चहाच्या आधी, 'अखंड सातत्याबद्दल' ती मास्तरांना अर्पण करण्यात आली. मास्तरांनी मोटर छातीशी धरली.

"एवढं कशाला हो," ते म्हणाले. "मी तर नुसता मागे असतो."

सर्वांत जास्त वेळ टाळ्या डॉक्टरांनी वाजवल्या.

मोटर बसली. आठला संपणारे काम सहाला संपू लागले. रोज दोन तास मोकळे मिळालेला माणूस घरी जाऊन आडवा होतो, असे समितीने गृहीत धरले होते. त्यात समितीची चूक म्हणता येणार नाही; तिचे तिन्ही सदस्य तेच करतात. मास्तर मात्र रोज संध्याकाळी पुलापर्यंत धावून येऊ लागले. मंडळाने इतक्या प्रेमाने वेळ दिला आहे, तर तो मंडळाच्याच कामी लागावा, अशी त्यांची भावना होती.

तिसऱ्या रविवारी, परतीच्या वाटेवर, पुलापासून साधारण दोनशे पावलांवर मास्तर डॉक्टरांच्या बरोबरीला आले. "होतो हं पुढे, डॉक्टर," असे म्हणून ते खरोखरच पुढे झाले.

टाकीपाशी ते एक तास अठरा मिनिटांनी पोचले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण बेचाळिसाव्यासाठी तशी तरतूद नाही. मास्तर घोळक्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. गुडघ्यांवर चर्चा चालू होती. त्यांनी थोडा वेळ ऐकले. मग बुटांवर चर्चा झाली. तीही त्यांनी ऐकली. गैरहजर सदस्यांचा विषय निघाला तेव्हा बोलणारे त्यांच्याकडे बघून अडखळले. चार वर्षे या तीन मिनिटांत कोणाविषयी काय बोलले जात असे, हे मास्तरांना तेव्हा समजले.

दीड तास झाला. डॉक्टर आले नाहीत. एक तास पंचेचाळीस मिनिटे झाली. थर्मासमधला चहा कोमट झाला, पण नियम म्हणजे नियम. सगळे एका रांगेत उभे राहून रस्त्याकडे बघत होते. मास्तरांनी बुटांची नाडी आवळली आणि ते उलट दिशेने धावत निघाले.

पुढचा प्रसंग मी दोघांकडून स्वतंत्रपणे विचारून घेतला आहे आणि ताडून पाहिला आहे.

डॉक्टर मागे फिरून पुलाच्या कठड्यावर बसले होते. एक बूट काढून हातात घेतला होता.

"खडा गेलाय," ते म्हणाले.

"दाखवा."

"निघाला."

"मग चला. लोक थांबलेत."

"तुम्ही व्हा पुढे, मास्तर. मी बसने घरी जाईन."

मास्तर त्यांच्या शेजारी बसले. "पुढे होतोच की मी. काही नाही हो तिथं. चार वर्षं मला वाटायचं, पुढच्यांची काय मजा असेल. आज बघून आलो. सगळे उभे राहून मागे बघत असतात."

"घरी सासूबाई विचारतात."

"काय?"

"मागे कोण आहे ते."

मास्तरांनी यावर शिंप्याने कापड हातात घेऊन करावा तसा विचार केला. "माझ्या मागे कोणी नव्हतंच कधी," ते म्हणाले. "त्याचं काही वाटत नाही. फोटो मात्र चांगला येतो, मधोमध. बूट घाला."

दोघे बरोबर धावत आले. चुन्याच्या रेघेपाशी एक अडचण उद्भवली. मास्तर सवयीने थांबले, कारण रेघ सगळ्यांच्या नंतर ओलांडण्याची त्यांच्या पायांना सवय होती. डॉक्टर सभ्यतेने थांबले.

"तुम्ही व्हा पुढे."

"नाही, आधी तुम्ही."

"अहो, वेळ मलाच लागलाय आज, तुम्ही जा."

एक्केचाळीस लोक हे पाहत होते. नोंदवहीत या काळाची नोंद चार मिनिटे अशी आहे. शेवटी अध्यक्षबाईंनी शाळेतल्या आवाजात "मास्तर" एवढेच म्हटले. मास्तर आत आले. मग डॉक्टरांनी रेघ ओलांडली. वेळ तीन तास एकवीस मिनिटे. मंडळाचा विक्रम.

टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेनात. लोकांना ऊन लागत होते, चहा हवा होता आणि डॉक्टर सापडले होते. तिन्ही कारणांनी टाळ्या वाजत राहिल्या. डॉक्टर मधोमध उभे होते. वीस वर्षे ते लोकांचे दात दुरुस्त करत आहेत, पण खुर्चीतून उठून कोणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या दिवशीच्या फोटोत त्यांचे सगळे दात दिसतात.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आज कितवे?"

"त्रेचाळिसावा."

सासूबाईंनी मान वर केली. "आणि इतका उशीर?"

"सगळे टाळ्या वाजवत होते."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"दाताच्या डॉक्टरसाठी?" सासूबाई म्हणाल्या. थोडा वेळ त्यांनी जावयाचे दोन्ही पाय निरखले, मग न विचारता त्यांना चहा करून दिला. पुढच्या रविवारी त्यांनी फक्त "आज किती वेळ वाजवल्या?" असे विचारले. मोजमाप त्यांना कोणतेही चालते.

हे प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण डॉक्टर आता बुधवारीही मास्तरांबरोबर पुलापर्यंत जातात. मास्तर छत्तिसाव्या क्रमांकावर आहेत. डॉक्टरांच्या पुढे बेचाळिसाव्या क्रमांकावर ग्रंथपालबाई आहेत आणि दोघांतले अंतर तेरा मिनिटांवरून पाचवर आले आहे. ग्रंथपालबाईंनी कालच अध्यक्षबाईंना पत्र लिहिले. त्यांना स्वतःविषयी काही म्हणायचे नाही, पण मंडळाच्या परंपरेची काळजी वाटते.

समिती पुन्हा बसली. या वेळी कोणाचाही सत्कार न करता बाहेरून एक नवा सदस्य घ्यावा, असे एकमताने ठरले. अट एकच. उमेदवाराने हा वृत्तांत बसल्या जागी वाचलेला असावा आणि वाचताना एकदा तरी त्याच्या मनात आलेले असावे की, काही झाले तरी आपण त्या शिंप्याच्या पुढे असतो.

नोंदवहीत चव्वेचाळिसावी ओळ आखून ठेवली आहे. रविवारी, पहाटे साडेपाच, पाण्याची टाकी. घाई करू नका. आम्ही थांबतो.