झोपे आणि गोटूबेड

कुवेतमधल्या आमच्या मंगफच्या बिल्डिंगमधले झोपेभावोजी झोपत नाहीत. शुक्रवारी दुपारी जेवून अख्खं मंगफ आडवं होतं, तेव्हा हे गृहस्थ कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारतात. जरा डोळा लागतोय तोच आमची बेल. "वहिनी, झोपला नाहीत ना?" आता यांना काय सांगायचं, कपाळ!

माणूस जळगावचा, रिफायनरीत इंजिनीअर. बायको सुनेच्या बाळंतपणाला मँचेस्टरला गेलेली, त्यामुळे हल्ली पाय जास्तच मोकळे. सोफ्यावर टेकणं ठाऊक नाही. चहा उभ्यानेच, आणि तो संपेपर्यंत समोरच्याच्या आडनावाची पाळंमुळं खणायची. "आडनाव उगाच नसतं वहिनी," हे पालुपद.

त्यात त्यांच्या प्लांटवर सेफ्टीचा एक इंग्रज साहेब आला. यांनी हात पुढे करून "झोपे" म्हटलं, त्याने "गोटूबेड" म्हटलं. कुणीतरी याला आपल्या नावाचा अर्थ सांगितलाय आणि हा फिरकी घेतोय, असं वाटून भावोजी त्याच्याशी बोलेनात. मग एकदा त्याच्या छातीवरचा बॅज वाचला. खरंच आडनाव! त्या संध्याकाळी आमच्याकडे आले ते नाचतच. म्हणे, भाऊबंद सापडला.

मग आमच्या घरात गोटूबेडपुराण सुरू झालं. केंब्रिजकडचं जुनं आडनाव. कुणी म्हणतं, मूळपुरुष लवकर अंथरूण गाठायचा. कुणी म्हणतं, गोडबर्ट नावाचं बोलता बोलता गोटूबेड झालं. हे दुसरं भावोजींना साफ नामंजूर. "मग आम्ही कोण, झोपबर्ट?" लोक हसतात म्हणून पुष्कळांनी ते बदललं, आता थोडीच घरं उरलीत, असं साहेबाने सांगितलं होतं. एवढं सांगून भावोजी पुन्हा फेऱ्या घालायला लागले, तेव्हा मला खरं कारण विचारावंच लागलं.

नातू झाला होता. त्याला सुनेचं आडनाव लावायचं मुलाने ठरवलं होतं. मुलगा इथेच वाढलेला. शाळेत हजेरीला "झोपे" पुकारलं की मागच्या बाकांवरून घोरण्याचे आवाज यायचे.

गेल्या शुक्रवारी भावोजींनी आमच्याच हॉलमधून मुलाला व्हिडिओ कॉल लावला. बाजूने बोलायला कुणीतरी हवं होतं बहुतेक. उभ्या उभ्या गोटूबेडांचा सगळा इतिहास सांगितला. मुलगा इंग्रजीत हं हं करत ऐकत होता. शेवटी मराठीत म्हणाला, "बाबा, त्याला कुणी हसू नये, एवढंच वाटतं मला."

मुलाने फोन बाळाकडे वळवला, तसा भावोजींनी आवाज एकदम खाली आणला.

"झोपलाय?"

"हो."

"मग उठवू नको. ठेव तुला हवं ते नाव."

आणि आमच्या सोफ्यावर बसले. फोन चालूच होता, पडद्यावर झोपलेलं बाळ. मी चहा आणला, तर कपबशी वाजेल म्हणून मला हातानेच थांबवलं. मग मीच तो कप धरून उभी राहिले.