फेअर कॉपी

लातूरच्या आमच्या भागातल्या स्मशानभूमीत चिता पेटली की श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात, आणि भाषणं सुरू झाली की मागच्या कट्ट्यावरून विश्वंभरकाका ओरडतात, "लई लांबलं! कापा!" बोलणारा पुढारी असो नाहीतर गेलेल्याचा जावई, काकांना फरक पडत नाही. लोक चिडतात. मला तर मान वर करता येत नाही, कारण शेजारी म्हणून त्यांना स्कूटरवर घेऊन येणारा मीच.

हा माणूस चाकूरहून मुंबईला गेला, तीस वर्षं सिनेमे आणि टीव्हीच्या मालिका लिहीत राहिला आणि मग लातूरला येऊन राहिला. मरणाचे सीन हमखास काकांकडेच यायचे. एखादा नट निर्मात्याशी भांडला की काकांना निरोप जायचा, याला सोमवारी मारा. "चौदा मारले, मास्तर," ते मला सांगत. "त्यातले दोघं परत जिते केले. माफी मागितली ना त्यांनी!" पडद्यावर काकांचं नाव क्वचितच झळकलं. झळकलं तेव्हाही चुकीचं.

अक्षर मात्र भयानक. आज लिहिलेलं उद्या त्यांचं त्यांनाच लागत नसे. सगळी फेअर कॉपी सुमनकाकू करायच्या, आणि करता करता वाक्यंही उडवायच्या. "मरणारा माणूस एवढं बोलतो व्हय? लई लांबलं, कापा!" काका कुरकुर करत आणि काकूंचंच पाठवत.

यंदा काकूंनी अंथरूण धरलं ते धरलंच. डॉक्टरांनी हात टेकले. काका रोज त्यांच्या उशाशी बसून काहीतरी खरडत असायचे.

"काय लिहिताय?" मी विचारलं.

"हिचं भाषण. आजवर खोटी माणसं मारली, मास्तर. हिच्यापुरतं तरी खरं लिहायला जमलं पाहिजे."

काकूंनी डोळे न उघडताच विचारलं, "लांबलं न्हाई ना?"

"तू बघशीलच की," काका सवयीनं बोलून गेले. मग त्यांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

काकू गेल्या त्या दिवशी स्मशानात ही गर्दी! काकांनी ज्यांची ज्यांची भाषणं तोडली होती ते झाडून आले होते. काहींचा परतफेडीचा बेत मला चेहऱ्यावरच दिसत होता. चिता पेटली. काका उठले, खिशातून कागद काढला. जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसला. शेवटी तो माझ्या हातात देत म्हणाले, "मास्तर, तुम्ही बघा बरं."

मी जन्मभर पोरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. पण मला त्यात 'सुमन' एवढंच लागलं. तेवढंच मी मोठ्यानं वाचलं, आणि पुढे मला रडू आवरेना.

काकांनी कागद माझ्याकडून घेतला आणि जन्माच्या सवयीनं मागे वळून पुढे केला. मागे चिता होती. त्यांचा हात थोडा वेळ तसाच राहिला.

"ह्ये तिलाच लागायचं," ते म्हणाले आणि खाली बसले.

कट्ट्यावरून कोणी काही ओरडलं नाही.