राणीने पाणी उकळले

हेमलताला वाटलं होतं, पहिल्याच दुपारी वीसेक बायका पाट्या घेऊन ओट्यावर येतील. आली एकच. ती तिची चुलती सकवारबाई, आणि तीसुद्धा शिकायला नव्हे. सतरंजी रिकामीच आहे तर तिच्यावर मिरच्या वाळत घालू का, हे विचारायला.

तीन वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला प्रौढशिक्षण शिकून ही मुलगी १९५८ च्या जूनमध्ये बंगळूरला चामराजपेटात चुलत्यांच्या घरी परतली होती. (बोटीवर तिने योजनांच्या तीन वह्या भरल्या. त्यांतली एक भिजून वाया गेली, म्हणून गल्ली थोडक्यात बचावली.) गल्लीतली मराठी घरं कित्येक पिढ्या इथलीच. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि बायकांना अक्षर मात्र दोन्हींतलं एकही ओळखता येत नव्हतं. हेमलताने दोन निश्चय केले होते. या बायकांना वाचायला शिकवायचं, आणि पिण्याचं पाणी उकळायला लावायचं.

"अक्का, कुणीच कसं आलं नाही?"

"दुपारच्या स्वल्प पडतात गं सगळ्या. तू पण पड."

ती पडली नाही. त्याऐवजी तिने थोडं आमिष दाखवायचं ठरवलं. पुण्याच्या एका मासिकात, दिवाळीला निघणाऱ्या 'अधांतरी दुर्गाची राणी' या अद्भुत कादंबरीची पहिली दोन प्रकरणं आली होती. ढगांवर तरंगणारा किल्ला, मुका पोपट, डावखुरा प्रधान आणि देव्हाऱ्यातून नाहीसा झालेला तीन डोळ्यांचा मोती. दुसरं प्रकरण राणी तळघराचं दार उघडते तिथे संपत होतं. दारामागे काय, ते दिवाळीत!

हेमलताने ती दोन्ही प्रकरणं मोठ्याने वाचली. पहिल्या दिवशी चौघी होत्या, आठवड्याने तीस. पाटी एकीच्याही हातात नव्हती. तीच दोन प्रकरणं रोज वाचायची आणि दर वाक्याला थांबायचं.

"पोपट मुका नाहीच," शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या. "त्यानं सगळं बघितलंय. म्हणून गप्प बसलाय. आमचे हे बसतात तसा."

सकवारबाईंचे यजमान हंबीरराव, म्हणजे सगळ्या गल्लीचे अण्णा, जेवून दोनला चिकपेटच्या कापडाच्या दुकानात परत जायचे. ते आता चारपर्यंत दाराआड कानडी पेपर वाचत बसू लागले. महिनाभर एकच पान.

ऑगस्टात गल्लीत दोघांना टायफॉइड झाला. हेमलताला राहवलं नाही. त्या दुपारी वाचता वाचता तिने पदरचं एक वाक्य घुसडलं : "राणीने पाणी उकळले, गाळले आणि मगच ती ते प्यायली."

"थांब!" सकवारबाई ताठ बसल्या. "हे काल नव्हतं."

"होतं... काल माझी एक ओळ सुटली."

"उकळलं का पण? विहिरीत विष असणार! प्रधानानंच घातलं!"

"विष उकळून जातं होय?" दाराआडून अण्णा गरजले. "पाण्यात मोती होता. ती मोती उकळत होती!"

हेमलताच्या तोंडचं पाणी (न उकळलेलं) पळालं. राणीला सावरायला दुसऱ्या दिवशी तिने वाचलं की राणी नियमित नखं कापते.

"नखांत देव्हाऱ्यातलं कुंकू अडकलं असणार," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी राणी रोज अक्षरं गिरवू लागली, आणि ती शत्रूला चिठ्ठ्या लिहिते यावर एकमत झालं. मोती राणीनेच चोरला! कारण धडधडीत होतं. एवढं स्वच्छ वागणारी बाई साधी असेलच कशी?

त्याच संध्याकाळी हेमलताचं पाणी उकळायचं पातेलं सकवारबाईंनी माळ्यावर टाकलं.

"अक्का, मला उकळलेलंच लागतं!"

"तेच म्हणते मी," सकवारबाई तिच्याकडे रोखून पाहत म्हणाल्या. "तुलाच का लागतं?"

चौथ्या दिवशी हेमलताचं पोट बिघडलं.

इकडे अण्णांना चैन पडेना. आपला तर्क बरोबर की नाही, हे त्यांना दिवाळीआधी कळायला हवं होतं. त्यांना लिहिता-वाचता यायचं ते फक्त कानडी. म्हणून यशवंतपूरच्या कारखान्यात विश्वासराव नावाचे पुण्याचे इंजिनिअर होते, त्यांच्याकडून लिहवून घेऊन त्यांनी थेट लेखकालाच पत्र धाडलं. उकळलेलं पाणी, कापलेली नखं, गिरवलेली अक्षरं, सगळे पुरावे क्रमाने. उत्तर आलं तेव्हा ते वाचायलाही विश्वासरावच आले. तीस बायका श्वास रोखून बसल्या. अण्णा दाराआडून पहिल्यांदाच बाहेर आले.

"'सप्रेम नमस्कार,'" विश्वासराव वाचू लागले. "'आपण कळवलेल्या तिन्ही गोष्टी माझ्या प्रकरणांत कुठेही नाहीत.'"

सगळ्या माना हेमलताकडे वळल्या. तिला ओटा दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"'तथापि, राणीच चोर ही कल्पना अफलातून आहे! सहा महिने मला शेवट सापडत नव्हता. आता तोच घेतो. पाणी उकळण्याचा प्रसंग तर जसाच्या तसा. ज्यांनी ही वाक्यं रचली, त्यांना माझे दंडवत.'"

म्हणजे आता छापील पुस्तकात, साऱ्या महाराष्ट्रात, पाणी उकळणारी बाई चोर ठरणार होती!

"मी... तुमच्या भल्यासाठीच..." हेमलता पुटपुटली.

"अय्यो, म्हणजे महिनाभर आम्ही तुझ्या नखांवर डोकं फोडत होतो?" कौशल्याबाई म्हणाल्या. "आम्हाला वाचता येत नाही म्हणून काहीही वाचायचं?"

सकवारबाईंनी सतरंजी ओढून घेतली. बायका एकेक करून उठून गेल्या. हेमलता रिकाम्या ओट्यावर बसून राहिली. सुरू न झालेला वर्ग बंद पाडण्याचा पराक्रम लीड्सला कुणी शिकवला नव्हता.

सकाळी तिने दार उघडलं आणि दचकून मागेच सरकली. ओटा भरला होता. तीसच्या तीस बायका, आणि प्रत्येकीच्या मांडीवर पाटी. सकवारबाई पहिल्या रांगेत.

"तुम्ही... शिकायला आलात?" हेमलताने विचारलं.

"न येऊन सांगते कुणाला? दिवाळीला पुस्तक येतंय," सकवारबाई म्हणाल्या. "तू वाचणार, आणि आम्ही मागं उभं राहून बघणार. लिही लवकर."

फळ्यावर तिने अगदी सुरुवातीलाच पहिला धडा सुवाच्य लिहून ठेवला होता : 'पाणी उकळा.' तिने फळ्याकडे पाहिलं. मग तीस चेहऱ्यांकडे पाहिलं. मग फडकं घेऊन तो धडा पुसला आणि मोठ्या अक्षरांत नवा लिहिला :

'राणी चोर आहे.'

तीस बायकांनी तो एका आवाजात, ठासून म्हटला. फळ्याकडे मात्र एकीनेही पाहिलं नाही. सगळ्या हेमलताकडेच बघत होत्या.