टाकीत उरलेली वीत

माणसाची पत त्याच्या घरावरून ठरते, असा शहरातल्या लोकांचा समज आहे. आयर्लंडमधल्या किलनाहोन गावात ती गोठ्यात वाकून पाहिल्यावर ठरते. गोठ्याची जमीन काँक्रीटची, तिला फटी. फटींखाली टाकी, टाकीत स्लरी, म्हणजे गाईंनी हिवाळाभर मागच्या बाजूने केलेलं सगळं दान. या दानाच्या आणि फटींच्या मधे जी मोकळी जागा उरते, तिला प्रतिष्ठा म्हणतात.

जानेवारीतल्या त्या रविवारी मॉसी हेगर्टीची प्रतिष्ठा एक वीत उरली होती.

ऑक्टोबर लागला की जमीन झोपते, काही शोषत नाही, म्हणून स्लरी शेतात पसरायला बंदी होते, ती जानेवारीच्या मध्यावर उठते. नियम अत्यंत शास्त्रीय आहे. (नोव्हेंबरात आठवडाभर कोरडं ऊन पडलं तरी जमीन झोपलेली समजावी. बंदी उठल्याच्या सकाळी धो धो पाऊस असला तरी ती जागी समजावी. जिल्ह्याच्या हद्दीपलीकडची जमीन जरा जास्त झोपाळू असल्याने तिला आणखी काही दिवस दिले जातात. याबद्दल जमिनीची तक्रार आल्याची नोंद नाही.) तोवर टाकी वाहून स्लरी ओढ्याला लागली, तर शेती खात्याचा माणूस येतो आणि जाताना वर्षाचं अनुदान घेऊन जातो. मॉसीच्या घरात वर्षाकाठी जो काही नफा दिसे, तो हे अनुदानच होतं. बाकीचा नफा गाई खात.

खरं तर टाकी भरायचं काही कारण नव्हतं. गाई, दिवस, खोली, सगळ्याचा हिशेब बरोबर होता. फक्त गोठ्याच्या छपराची पन्हळ मागल्या वसंतात तुटली होती आणि तेव्हापासून छपरावरचा सगळा पाऊस टाकीत उतरत होता. उत्तर कॉर्कमध्ये पाऊस पडतो, हे मॉसीला जन्मापासून ठाऊक होतं. पण नवी पन्हळ चाळीस युरोंना होती, आणि मॉसी हिशेबी माणूस होता. त्याने चाळीस युरो वाचवले.

वाचवलेल्या पैशांत बरीच भर घालून त्याने गाईंच्या अंथरुणाची सोय केली. बार्लीचा पेंढा त्या वर्षी सोन्याच्या भावाने चालला होता, म्हणून रबरी गाद्या, गादीवर लाकडाचा भुसा, भुशावर चुना. हा सल्ला ऑर्लाबाईंचा. तालुक्यातल्या दूधवाल्यांचं एक चर्चामंडळ होतं, आणि ऑर्लाबाई त्याच्या सल्लागार. त्यांच्या मते उभी गाय म्हणजे बुडीत खातं. गाय जितकी आडवी, तितका शेतकरी उभा.

"गाईंच्या गादीला दहा वर्षांची हमी आहे," मॉसीची बायको नोरीन म्हणाली. "आपली गादी लग्नातली. मधे खड्डा पडलाय, दोघंही त्यात घरंगळतो."

"मग बरंच की."

"बरं होतं तेव्हा होतं. आता नुसती कंबर धरते."

(नोरीनच्या आडवं पडण्याचा दुधाशी संबंध सिद्ध न झाल्यामुळे प्रस्ताव पुढे सरकला नाही.)

टाकीवर उपाय रस्त्याच्या पलीकडेच होता. डिनी कॉटरने दोन वर्षांपूर्वी गाई विकल्या होत्या. त्याची टाकी मॉसीच्या हिशेबाने सोमवारच्या चर्चसारखी रिकामी. फक्त मागायचं होतं. अडचण एवढीच, की गाई विकल्या त्या संध्याकाळी मॉसी भर पबमध्ये म्हणाला होता, "डिनीची टाकी आता डिनीच्या डोक्यासारखीच झाली. नुसती पोकळी!" लोक खूप हसले होते. डिनीही हसला होता. किलनाहोनमध्ये माणूस हसला म्हणजे त्याने लक्षात ठेवलं.

शिवाय मागण्याची म्हणून एक रीत आहे. दारात उभं राहून आधी "सहज आलो होतो" म्हणायचं. चहा तीनदा नाकारायचा, चौथ्यांदा नाइलाजाने घ्यायचा. मग हवा, मग नुकती मेलेली माणसं, मग हर्लिंगचे सामने, मग जी मरायला टेकली आहेत ती माणसं. शेवटी उठायचं, दाराच्या कडीला हात लावायचा आणि जणू आत्ताच आठवल्यासारखं कामाचं बोलायचं. यजमानाला काम पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं. पण त्याने ते ओळखून दाखवलं, तर समोरच्याला गरजू ठरवल्याचं पाप लागतं. म्हणून तोही बिस्किटं पुढे करत राहतो.

रविवारी मॉसी गेला, तर जोहाना शिंकविनच्या मयतीचा विषय निघाला आणि तो फाटकापर्यंत पुरला. डिनी सोबत फाटकापर्यंत आल्यामुळे कडीला हात लावायची वेळच आली नाही. सोमवारी पुन्हा गेला. तोवर वितीची चार बोटं झाली होती.

"विचारलंस?" परत आल्यावर नोरीनने विचारलं.

"वेळ आली नाही."

"दोन तास होतास ना तिथे?"

"अगं, दारापर्यंत आलो होतो. कडीला हातही लावला. तेवढ्यात त्याने हातात केक ठेवला. केक धरून शेणाचं कसं बोलायचं?"

नोरीनला हा मुद्दा मान्य करावा लागला. केक चांगला होता.

बुधवारी दोन बोटं उरली. आणि गुरुवारी चर्चामंडळ मॉसीच्याच गोठ्यावर यायचं होतं.

मंडळ येणार म्हटलं की गोठ्याचं लग्नघर होतं. मॉसीने अंगण धुतलं, गाद्यांवर ताजा भुसा टाकला, गाईंच्या शेपट्यासुद्धा विंचरल्या. (टाकीला झाकण नसतं, नाहीतर त्यावर कुंडीही ठेवली असती.) सहा शेतकरी आले, ऑर्लाबाई आल्या, आणि गाई गेल्या तरी सँडविचचा हक्क न सोडलेला डिनीही आला.

"वा! किती छान पडल्यात सगळ्या!" ऑर्लाबाई म्हणाल्या. "आणि मॉसी, टाकीत जागा किती?"

"भरपूर," मॉसी म्हणाला.

बाहेर पावसाने जोर धरला. छपरावरचं पाणी तुटक्या पन्हळीतून टाकीत धबाधबा पडू लागलं. सगळ्यांनी ते ऐकलं, म्हणजे कोणीच ऐकलं नाही. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका गाईने शेपटी उचलून आपला वाटा घातला, आणि फटींतून स्लरी शांतपणे वर आली. ऑर्लाबाईंच्या बुटाभोवती ती गोल पसरली आणि दाराकडच्या उताराला लागली. दारापलीकडे ओढा.

सहाही शेतकऱ्यांनी एकदम छपराकडे पाहिलं.

"उघडतंय बहुतेक आभाळ," एकजण पत्र्याकडे बघत म्हणाला.

"हो, पश्चिमेकडून मोकळं दिसतंय," दुसरा म्हणाला. पश्चिमेला भिंत होती.

मॉसी स्लरीच्या धारेकडे पाहत होता. ती दारापासून हातभर अंतरावर आली, आणि त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं जे किलनाहोनमध्ये चहाशिवाय आजवर कोणी उच्चारलं नव्हतं.

"डिनी, तुझ्या टाकीत जागा आहे का रे?"

गाईसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या. डिनीने हातातलं सँडविच संपवलं, बोटं पुसली.

"होती," तो म्हणाला. "हा नाताळाआधीच आला. हा नाताळानंतर. हे दोघे एकाच दिवशी आले, एकाला मागच्या दाराने काढावं लागलं. हे उरलेले दोघे परवा." सहाही जण आता बुटांकडे पाहत होते. "सगळे सहज आले होते."

मॉसीचा चेहरा पडला. डिनीने थोडा वेळ तो तसाच पडू दिला.

"टाकीतला भिंतीपलीकडचा एक कप्पा राखून ठेवलाय तुझ्यासाठी. रविवारपासून वाट बघतोय, लेका. माझ्या डोक्याएवढाच आहे. नुसती पोकळी. पुरते का बघ."

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. नोरीन मागे टँकर जोडूनच बसली होती, पुढच्या वाक्याची तिने वाट पाहिली नाही. सहा शेतकरी फावडी घेऊन दारात स्लरीला आडवे आले. ओढा वाचला, अनुदान वाचलं.

ऑर्लाबाईंनी बूट धुऊन अहवाल लिहिला: सर्व सभासदांकडे पुरेशी जागा आहे, गाई समाधानी आहेत, चर्चा मोकळेपणाने झाली. पन्हळ अजून तुटकीच आहे. उन्हाळ्यात मॉसीने तिचा भाव पुन्हा विचारला. पंचेचाळीस युरो म्हणाले, म्हणून त्याने पंचेचाळीस वाचवले.

हे लोक तुम्हाला विचित्र वाटले असतील. शक्य आहे. तुम्ही परवा ज्यांच्याकडे गेला होतात, "आत्ताच झाला चहा" म्हणालात, तासभर बसलात, "येऊ का मग" म्हणत दारात आणखी अर्धा तास उभे राहिलात आणि काही न बोलता जिना उतरलात, त्यांना तुमचं काम ठाऊक आहे. जागा राखून तेही वाट बघताहेत. तोवर आपल्या पायाखाली किती बोटं उरली आहेत, ते जमलं तर एकदा वाकून बघा.