अप्पा अर्जनवीस आणि चुकीचा जिल्हा

लग्न मोडायचा अर्ज लिहायला घेण्याआधी अप्पा अर्जनवीस साऱ्या जगाचा लग्नाचा कायदा तोंडपाठ म्हणून दाखवायचे. लातूरच्या कोर्टासमोर लिंबाखाली टाइपरायटर मांडून बसलेला हा माणूस समोरच्या रडणाऱ्या बाईला सांगायचा, "विलायतेत एका राजाला बायको सोडता येईना, तवा त्यानं धर्मच बदलला. तुमचं काय घेऊन बसलाव!"

त्यांचा लाडका किस्सा बार्शीच्या गाडीचा. "निजामाच्या शेवटच्या काळात बगा, हितं लातुरात माणूस दोन बायका करायला मोकळा. गाडीत बसून बार्शीला उतरला की इंग्रजाच्या मुंबई इलाख्याचा कायदा. एक असताना दुसरी केली की गुन्हा. तीच गाडी, तोच नवरा!" मग गोवा यायचा. तिथं दप्तरात नोंद झाल्याशिवाय लग्नच नाही, हे सांगताना ते असे खूश व्हायचे, जणू तो नियम त्यांनीच केलाय. ऐकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा, पण अप्पांना घाई म्हणून माहीत नव्हती.

मी कोर्टात अर्ज घ्यायच्या खिडकीवर कारकून होतो. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि वर दुष्काळ. अप्पांच्या फारकतीच्या अर्जांवर मात्र हटकून 'जिल्हा न्यायालय, उस्मानाबाद' असंच असायचं. त्यांचे बाकीचे अर्ज बिनचूक. मी नियमाप्रमाणे 'परत' असा शिक्का मारायचो आणि म्हातारा चळला म्हणून हसायचो.

लातूरजवळच्या मुरुडची गयाबाई तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. "अर्ज माघारी आला की मला बी माघारी नवऱ्याच्या घरी जावं लागतंय, साहेब. माहेरात प्यायला पाणी न्हाई, कोण ठिवून घेईल?"

मी तिला लिंबाखाली घेऊन गेलो आणि अप्पांवर ओरडलो. अप्पांनी चष्मा काढला.

"चुकून न्हाई लिहीत मी," ते म्हणाले. "माझ्या येळेला पंचांनी सकाळी गवताची काडी मोडली, लग्न मोडलं. वडील म्हणले म्हणून मी व्हय म्हणलो. दुपारी वाटलं, न्हाई म्हणावं. पळत गेलो, तर तिचा भाऊ तिला घेऊन गाव सोडून गेलता. चार दिस मिळाले असते तर... म्हणून मी लोकांला चार दिस देतो. दोन जोडपी घरला गेली बी, हसत."

मला त्यांची कीव आली, पण राग काही गेला नाही. अप्पांनी कागद चढवला आणि या वेळी 'लातूर' लिहिलं. गयाबाईनं डाव्या हाताचा अंगठा उठवला.

"अप्पा, तुमची बायको आली का मंग माघारी?"

"न्हाई, बाई."

"मंग माझा हात कशापायी मोडला?"

अप्पांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. मी तो हातात घेतला. दोन्ही वेळा शिक्का मीच मारला होता, आणि एकदाही मान वर करून तिच्याकडं पाहिलं नव्हतं.