हळदीच्या तबकाची हकीकत

श्रीगजाननास वंदन करून, आणि त्याच्या वाहनाची आधीच क्षमा मागून, लिहावयास आरंभ केला. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सरे, ते समयी एका राज्यात मधुमेहाचा अंमल फार जाहला आणि तो मोडावा म्हणून राजवैद्य बजाबा यांनी एक काढा सिद्ध केला, मग महाराजांची आज्ञा जाहली की काढा आधी उंदरांस द्यावा, प्रजा कोठे जात नाही. मग चाळीस उंदीर आणिले, विसांस काढा आणि विसांस नुसते पाणी दिले आणि महिन्याने सर्वांचे रक्त काढून मोजणीस निळकंठपंतांकडे धाडिले. हे पंत वृद्ध, पुस्तकांत रमणारे, स्वतःचे नाव सांगतानाही चुकलो तर नाही ना म्हणून थांबणारे. त्यांचे काम इतकेच की रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखरेस वठणीवर आणणारे द्रव्य, किती आहे ते पाहावे. त्यासाठी शहाण्णव इवल्या वाट्यांचे एक पारदर्शक तबक असे, त्यात रक्ताचे थेंब आणि औषधे घालीत, जितके इन्सुलिन अधिक तितका पिवळा रंग गडद होई, आणि मग यंत्र तबकातून आरपार प्रकाश सोडून आकडा सांगे.

मोजणीचा दिवस आश्विन शुद्ध नवमीचा, म्हणजे खंडेनवमीचा. पूर्वजांनी तलवारी पुजिल्या, यांच्यापाशी यंत्र होते, म्हणून बजाबा सोवळे नेसून आले आणि यंत्रास हार घातला आणि मग भरल्या तबकाच्या बुडास ओल्या हळदीची बोटे ओढिली. तीही काढ्याच्या उंदरांच्या बाजूसच, कारण पाणी प्यालेल्यांनी असा काय पराक्रम केला होता! पंतांनी फडके उचलिले आणि हळूच बोलिले, "वैद्यराज, प्रकाश बुडातूनच जातो. पुसून घेतो."

"देवाचे लागलेले पुसता?" बजाबा गरजले. "पंत, हळदीने आजवर कोणाचे वाईट जाहले आहे?"

पंतांनी फडके खिशात घातले आणि आपलेच काही चुकत असेल असे मनास सांगितले आणि यंत्र चालविले. काढ्याच्या उंदरांत इन्सुलिन तिप्पट निघाले. मग काय विचारता! नगारे वाजले आणि दवंडी फिरली की उद्या दसऱ्याच्या दरबारात काढा जाहीर होणार, सुया फेकून द्याव्या.

सायंकाळी पंत घरी आले तो थोरली बहीण द्वारकाक्का इन्सुलिनच्या सुया पिशवीत बांधून बसली होती. सात वर्षे रोज दोन वेळा टोचून घेत होती, त्यावरच तिचा जीव होता. "निळू, उद्यापासून सुई बंद," ती आनंदाने बोलली. "तुझ्याच यंत्राने सांगितलं म्हणे."

"आक्का, उद्याची सकाळची घे. दुपारपर्यंत थांब. मला दरबारात बोलायचं आहे."

"तू बोलणार? दूधवाला पाणी घालतो ते चाळीस वर्षांत त्याला बोलला नाहीस!"

दुसरे दिवशी दरबार भरला आणि यंत्र पालखीतून आणिले. पंत उभे राहिले आणि रचलेले सारे वाक्य विसरले, परंतु पिशवीची गाठ डोळ्यांपुढे आली. मग त्यांनी एक भरलेले तबक पुढे केले आणि एवढेच बोलिले, "वैद्यराज, आजही पूजा व्हावी." बजाबा प्रसन्न जाहले आणि सर्व बुडास यथासांग हळद लाविली, कोपराही सोडिला नाही. यंत्राने आकडे सांगितले, इन्सुलिन कालच्याहून अधिक. दरबार "वाहवा" म्हणाला आणि महाराज सिंहासनावरून पुढे झुकून विचारते जाहले, "पंत, हे कोणत्या उंदराचे?"

"उंदराचे नव्हे महाराज. नळाचे."

मग पंतांनी खिशातले फडके काढिले आणि बूड पुसून तबक पुन्हा यंत्रात ठेविले आणि आकडा शून्यावर आला. उरलेले रक्तही त्याच रीतीने, बूड स्वच्छ ठेवून, मोजिले तेव्हा काढ्याचे उंदीर आणि पाण्याचे उंदीर सारखेच निघाले. बजाबा डगमगले नाहीत. म्हणाले, "यावरून महाराज, आपल्या राज्यातील पाणीही माझ्या काढ्याइतकेच गुणकारी ठरते!" महाराजांस हे फार पटले. त्यांनी बजाबांस शालजोडी दिली, दवंडी मुकाट मागे घेतली, आणि भरदरबारी हळद पुसिली म्हणून पंतांस कडक समज दिली.

पंत घरी आले. आक्काने तोंडाकडे पाहिले आणि काही न विचारता पिशवीची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती, ती पंतांनी दातांनी सोडविली.

येणेप्रमाणे काढ्याची मोहीम संपली. विजय राजवैद्यांच्या नावे दफ्तरी लागला, उंदरांस कोणी पुसिले नाही, आणि त्या सायंकाळी द्वारकाक्कांनी सुई वेळेवर घेतली. इति हकीकत.