सदानंदपंतांनी शॉकअप सरळ केले त्याची हकीकत

“पीछे का दो. एक आगे, एक पीछे. ऐसा ही रखना, सीधा नहीं करना, यल्ला,” ऐसी यासीनबाबांची आज्ञा जाहली, ती राजश्री सदानंदपंत, वास्तव्य अमवाज बेट, मूळ मुक्काम पुणे, यांणी कानांनी ऐकिली, अकलेने ऐकिली नाही, तेथून या मोहिमेचा उगम. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासी बहरीन मुलखी जे घडले ते, पदरचे काही न घालता, श्रींस स्मरून लिहिले असे.

यासीनबाबा बुदैयाचे वृद्ध गृहस्थ. त्यांजपाशी सन एकोणीसशे एकोणसत्तरची अमेरिकी दोन-दरवाजी गाडी होती, आणि चाळीस वर्षांपूर्वी त्यांणी आपली नवरी तिजमध्ये बसवून सासऱ्याच्या दारातून एका झेपेत आणिली होती. ती गाडी त्यांणी पंतांस विकली आणि एकच अट घातली की, धाकटी कन्या अरीबा हिचे लग्न शुक्रवारी, तिणे याच गाडीतून, तैशाच एका झेपेत, आमच्या दारातून निघावे. पंतांनी छातीस हात लावून वचन दिले.

मग पंतांनी गॅरेजात गाडी उचलविली आणि पोटाखाली नजर टाकिली, तो मागील चाकांचे धक्के झेलणारे दोन शॉकअप एका रांगेत नाहीत. उजवा ॲक्सलच्या पुढे कललेला, डावा मागे. पंत मेकॅनिकलचे पदवीधर, त्यांस वाकडे म्हणोन साहवत नाही. हापिसात दुसऱ्याच्या भिंतीवरील कॅलेंडरदेखील उठोन सरळ करीत, आणि तो मनुष्य रजेवरून परते तेव्हा त्यास तसे कळवीत. सबब निवाडा केला की, अमेरिकेत ज्याणे ही गाडी जोडिली त्याचे लक्ष नव्हते.

सलमाबादच्या गॅरेजातील मिस्त्री दत्ताराम कुडाळकर याणे नम्रपणे अर्ज केला, “सायबांनू, तां चुकलेला नाय. तां तसाच आसता.”

“दत्ताराम, इंजिनीअर तू की मी?”

“तुमी.”

“मग वेल्डिंग घे.”

ऐसा जाबसाल होऊन नवी ब्रॅकेटे जोडिली आणि दोन्ही शॉकअप मागल्या अंगास, शाळेतल्या पोरांसारखे, एका रांगेत उभे केले.

यासीनबाबांच्या आज्ञेचे काय, ऐसे कोणी पुसेल. तिचीही तामिली पंतांनी मोठ्या अदबीने केली. ‘पीछे का दो’ म्हणजे मागील आसनी दोघे, नवरी आणि करवली. ‘एक आगे, एक पीछे’ म्हणजे वरातीत एक गाडी पुढे, एक मागे. सबब बँकेतील मनसबदार जयेशराव यांस पांढरी गाडी घेऊन आघाडीस नेमिले, पिछाडीस त्यांचा मेहुणा. ‘सीधा नहीं करना’ म्हणजे वरात सरळ मार्गे न नेणे, सबब अदलियाचा वळसा मुक्रर केला आणि त्याचा नकाशा मराठी मंडळाच्या ग्रुपवर प्रसिद्ध केला. सोळा जणांनी अंगठे दाखविले. नकाशा पाहिला किती जणांनी, याची नोंद नाही.

शुद्ध सप्तमी, गुरुवार, सकाळी पंतांनी अर्धी रजा घेऊन रंगीत तालीम मांडिली. नवरीच्या जागी कुटुंब सौभाग्यवती नीलाबाई यांस बसविले. बुदैया हायवेचा सिग्नल हिरवा होताच पंतांनी गॅस दिला, आणि गाडीने झेप न घेता मागील दोन पायांवर उड्या मारिल्या, धडधड ऐसा नाद उठला, शेपूट बाजूच्या लेनीत गेले, आणि गाडी बंद पडोन मागे भोंग्यांचा कल्लोळ जाहला.

नीलाबाई चष्मा शोधीत हळूच वदल्या, “आज माझा उपास आहे, पोटात काही नाही, म्हणून बरं. उद्या ती पोर जेवून बसेल.”

पंतांनी खराब पेट्रोलाचा विषय काढिला. नीलाबाईंनी तो तेथेच ठेविला आणि दत्तारामास फोन लाविला.

दत्ताराम म्हणाला, “वयनीनू, जोरात गॅस दिलो काय मागच्या ॲक्सलाचो डिफ पीळ खाता. एक शॉकअप फुडसून धरता, एक मागसून. दोघांकय एका बाजूक बसवलात तर धरतला कोण? म्हाताऱ्यान सायबांका सांगूक नाय?”

“सांगितलं रे. यांनी त्याची वरात काढली.”

मग दुपारी नवी ब्रॅकेटे कापिली, जुनी पूर्वस्थळी बसविली, उजवा पुढे आणि डावा मागे जाहला. पंत शेजारी उभे राहोन टॉर्च धरीत होते, आणि तीही दोन वेळा भलतीकडे धरिली. दत्ताराम नीलाबाईंस बोलिला की, गाडी थोडी पळाली म्हणजे नट बसतात, पुन्हा आवळावे लागतात. नवरी बसण्याआधी मी येऊन आवळीन.

शुक्रवारी सकाळी अमवाजच्या रस्त्यावर पंतांनी गॅस दिला आणि गाडी रेषेसारखी, एका झेपेत गेली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि पंतांनी ग्रुपवर फर्मान सोडिले: “सखोल अभ्यासाअंती मागील शॉकअप पुढे-मागे बसविण्याचा निर्णय घेतला आहे.” बावीस अंगठे आले. जयेशरावांनी पेढे वाटिले. पंतांचे नाव विजयी म्हणोन दाखल जाहले, ते येथेही दाखल केले असे.

दत्तारामाची ती आठवड्याची सुटी. त्याणे मध्यान्ही अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, मोठा पाना फडक्यात गुंडाळोन पिशवीत ठेविला, आणि बुदैयाच्या बसमध्ये जाऊन बसला.